न्यूयॉर्क मेट्स (अमेरिकेतली बेसबॉल टीम), सीझन 2024: 5 पैकी 4 स्टार

सुरुवातीलाच सलग 5 मॅच हरले, आणि जूनच्या सुरुवातीला रेकॉर्ड होता 24 विजय 35 पराभव. बुलपेन (म्हणजे मॅचच्या मध्यात-शेवटी बॉल टाकायला येणारे बदली पिचर) तर बघवत नव्हतं, लीड घेऊन आठव्या-नवव्या इनिंगमध्ये जायचं आणि तिथे घालवायचं, मे महिना अक्षरशः असाच गेला. म्हणून 1 स्टार कापलाय.

पण नंतर जे झालं ना ते फक्त नशीब नाही. शॉर्टस्टॉप फ्रान्सिस्को लिंडोरला बॅटिंगमध्ये पहिल्या नंबरवर आणलं तिथून टीमचा चेहराच बदलला, पिचर शॉन मनायानं जुलैच्या शेवटी हात खाली आणून बॉल टाकायला सुरुवात केली आणि बॅटर गोंधळले. शेवटी रेकॉर्ड 89 विजय 73 पराभव.

30 सप्टेंबरची अटलांटाची मॅच तर शोधून बघाच, 0-3 मागे, मग आठव्यात 6 रन, मग परत मागे, आणि नवव्यात लिंडोरचा 2 रनचा होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर), 8-7! पाठदुखीतून नुकताच परत आलेला माणूस हा. 3 दिवसांनी मिलवॉकीत प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) मॅचमध्ये आमच्या पीट अलोन्सोनं नवव्यात 3 रनचा मारला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं.

पुढे प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी मालिकेत 4-2 नं हरवलं ते पटतं, मॅचचे 9-0, 8-0, 10-2 असे स्कोअर असतील तर तक्रार कसली करणार. फक्त स्टार्टिंग पिचिंगमध्ये (मॅचच्या सुरुवातीपासून बॉल टाकणाऱ्यांमध्ये) अजून थोडे पर्याय हवे होते राव, ऑक्टोबरपर्यंत सगळे थकले होते.