छातीतील जळजळीचे कोडिंग : एका बिलिंग सेवेचे परीक्षण

न्यू जर्सीतील आमच्या पोटविकार क्लिनिकचे बिलिंग पुण्यातील एक संस्था पाहते आणि तिचे काम खरोखर वाखाणण्याजोगे आहे. डॉक्टरांनी केवळ छातीतील जळजळ नोंदवली असेल तर तेथील कोडर (विमा दाव्यासाठी आजार व लक्षणांना ठरावीक सांकेतिक क्रमांक देणारे कर्मचारी) त्या लक्षणाचा ‘आर१२’ हा कोड लावतात. मात्र अ‍ॅसिड रिफ्लक्सच्या (पोटातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या) आजाराचे निदान पक्के झाले असेल आणि अन्ननलिकेला दाह नसेल, तर ‘के२१.९’ लावून ‘आर१२’ वगळतात, कारण आजारातच अंतर्भूत असलेले लक्षण वेगळे नोंदवायचे नसते. दाह असल्यास १ ऑक्टोबर २०२० पासून रक्तस्रावाविना ‘के२१.००’ आणि रक्तस्रावासह ‘के२१.०१’ असे दोन कोड आहेत. आधीची कंपनी मात्र जुना ‘के२१.०’च पाठवत राहिल्याने आमचे दावे परत येत. शंका विचारायला पुण्याची ही मंडळी कधीकधी उशीर लावतात, तेवढे सुधारायला हवे.