अवमूल्यन की घसरण?

हिंगणघाटच्या यार्डात कापसाचा भाव पडला की पारावर कोणीतरी म्हणतेच, "अवमूल्यन झालं!" नाही बाप्पा, ती घसरण. आवक वाढली, गिऱ्हाईक आखडले, भाव खाली. हुकूम कोणी काढत नाही. अवमूल्यन सरकार ठरवून करते, तेही चलनाचे. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ रुपयांवरून एकदम ७.५० वर गेला. जुलै १९९१ मध्ये पुन्हा, दोन टप्प्यांत. १९९३ पासून डॉलरचा दर बाजारावर सोडलाय, म्हणून रुपयाची आताची रोजची ती घसरणच. बातम्यांत मात्र सर्रास अवमूल्यन. शेतकऱ्याला दोन्ही सारखीच लागतात: गाठींची निर्यात सोपी, पोटॅश अन् डिझेल महाग.

पैशाबाहेर मात्र अवमूल्यनच चालते. ठराव आधीच लिहून घरोघरी सह्या घेतल्या, तर ते ग्रामसभेचे अवमूल्यन. तिथे 'घसरण' बसत नाही.