सिम्फनीला कोणकोणती वाद्यं लागतात हे बघायचं कुठं? विकिपीडिया, डॅनियल्स की थेट स्कोअर

सोलापुरात चार माणसं जमवून एखादी सिम्फनी (पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना), निदान तिची एक मूव्हमेंट, म्हणजे एक भाग तरी वाजवायची म्हटलं की पहिला प्रश्न वाद्यांचाच येतो, कारण बँडवाल्यांमुळं क्लॅरनेट, ट्रम्पेट, युफोनियम वाजवणारे इथं हक्काचे मिळतात, व्हायोलिनवालेपण शोधले तर मिळतात, पण ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न असल्या फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी पुण्या-मुंबईकडंच बघावं लागतं. म्हणून हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहाची तारीख घ्यायच्या आधी यादी पक्की करा.

विकिपीडिया पटकन बघायला बरंय. बेथोव्हेन, मोझार्ट असल्या नावाजलेल्या पीसची यादी मिळते, कमी वाजवलेल्या पीसची मात्र बऱ्याचदा नाहीच. आणि दोन वाद्यं एकच माणूस आलटून पालटून वाजवणार की दोन माणसं लागणार हे तिथं दरवेळी कळेलच असं नाही, आपल्याला तर नेमकं तेच पाहिजे असतं.

डॅनियल्स म्हणजे डेव्हिड डॅनियल्सचं १९७२ सालापासून चालत आलेलं जाडजूड संदर्भपुस्तक, आता ते पैसे भरून ऑनलाइनपण बघता येतं. त्यात सगळं आकड्यांत असतं. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी म्हणजे ३ २ २ ३ – २ २ ३ ०, आधी फ्लूट, ओबो, क्लॅरनेट, बसून, मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, ट्युबा, पुढं टिंपनी (मोठे नगारे) आणि स्ट्रिंग्स (व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यं). तिसरा फ्लूटवाला पिकोलो वाजवणार, तिसरा बसूनवाला कॉन्ट्राबसून, हेसुद्धा कंसात दिलेलं असतं. दरवर्षी कार्यक्रम करणाऱ्यांनी यावर पैसे घालावेतच, एका कार्यक्रमापुरतं गरज नाही.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेली वही. आयएमएसएलपी या ऑनलाइन संगीत-ग्रंथालयात २००६ पासून जुने स्कोअर फुकट आहेत, पानावर वाद्यांची यादीपण असते. फक्त पहिलं पान बघून थांबू नका! त्याच पाचवीच्या पहिल्या पानावर ट्रोम्बोन दिसतच नाहीत, पिकोलो आणि कॉन्ट्राबसूनपण नाही, तिन्ही थेट चौथ्या मूव्हमेंटला येतात. मोझार्टच्या चाळीसाव्या सिम्फनीच्या तर दोन आवृत्त्या आहेत, एकीत क्लॅरनेट नाहीत, दुसरीत आहेत, आपल्याकडं क्लॅरनेटवाले आहेत तर दुसरीच काढा, पण ओबो तिच्यातही लागतातच.

हयात संगीतकाराचा पीस असला तर प्रकाशकाची वेबसाइट बघा, पार्ट (प्रत्येक वाद्याची वेगळी पानं) भाड्यानं तेच देतात त्यामुळं यादी नीट दिलेली असते.

आणि कुठलं वाद्य किती वाजतं हे स्कोअर उघडल्याशिवाय कळत नाही. ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीच्या यादीत ट्युबा दिसतो, पण तो फक्त दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये आहे, तिथंपण मोजकेच सूर, तेवढं आपला युफोनियमवाला निभावून नेईल. त्याच मूव्हमेंटमधल्या इंग्लिश हॉर्नच्या (हे ओबोच्या जातीचं वाद्य) सोलोला मात्र खरा वाजवणाराच पाहिजे, तो ठरला तरच ती सिम्फनी हातात घ्या.