अकरावी सायन्स: बायफोकल सीएस की बायो आणि आयटी?

राज्य मंडळाच्या अकरावी सायन्सला इंग्रजी सक्तीचं, फिजिक्स-केमिस्ट्री ठरलेलं, आणि मॅथ्स सोडायचं नाही असं बहुतेक घरांत आधीच पक्कं असतं. मग निवड उरते ती शेवटच्या 200 मार्कांची. ते 200 एकट्या बायफोकलला (द्विलक्षी विषयाला) द्यायचे, की 100 बायोला आणि 100 दुसऱ्या भाषेला किंवा भाषेच्या जागी आयटीला? बायफोकलमध्ये सर्वाधिक मागणी कॉम्प्युटर सायन्सला, म्हणजे सीएसला. म्हणून इथे मुख्य तुलना सीएस आणि बायो-आयटी यांचीच केली आहे. माझ्या घरात ही निवड करायची वेळ आली तेव्हा पारडं बायो-आयटीकडे झुकलं. तुमच्याकडे ते उलटंही झुकू शकतं.

मार्कांचा मुद्दा आधी संपवू. सीएसचे दोन पेपर असतात, प्रत्येकात 50 लेखी आणि 50 प्रॅक्टिकल. बायोला 70 लेखी, 30 प्रॅक्टिकल. आयटीला 80 मार्कांची ऑनलाइन परीक्षा आणि 20 प्रॅक्टिकल. अर्धे मार्क प्रॅक्टिकलला असल्यामुळे सीएस ‘स्कोअरिंग’ आहे, हे खरंच आहे. बारावीच्या टक्केवारीत त्याने चांगली भर पडते. पण ती टक्केवारी लागते कुठे? राज्यातल्या कॉलेजांत इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी किंवा जेईई या प्रवेश परीक्षांवर होतो. बोर्डाचे मार्क फक्त पात्रतेपुरते, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीवला 40, तेही ठरावीक विषयांतले. बारावीच्या मार्कांवर बी.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या कॉलेजांत मात्र सीएसच्या मार्कांचा थेट फायदा होतो. आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. इंजिनिअरिंगची पात्रता मोजताना फिजिक्स-मॅथ्ससोबत केमिस्ट्रीऐवजी टेक्निकल व्होकेशनल विषय, म्हणजे सीएससारखा बायफोकल, धरता येतो. केमिस्ट्री कच्ची असलेल्या मुलाला हा आधार मोठा आहे. अर्थात सीईटीत केमिस्ट्रीचे 50 प्रश्न सोडवावे लागतातच.

कुठले दरवाजे बंद होतात याबद्दल गैरसमज बरेच आहेत. बायो सोडलं की फार्मसी गेली, असं अजूनही ऐकू येतं. तसं नाही, बी.फार्म.ला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायो यांपैकी एक चालतं. बी.एस्सी. ॲग्रीलाही मॅथ्सचा ग्रुप चालतो. खरोखर जातं ते एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, बी.एस्सी. नर्सिंग आणि पशुवैद्यक. बारावीनंतर बायो हा जादा विषय म्हणून पास झालेल्यांना ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये मान्य केलं. म्हणजे दरवाजा पूर्ण बंद झालेला नाही, पण एक वर्ष बहुधा खर्ची पडतं. दहावीत 15-16 वर्षांच्या मुलाला ‘आपल्याला नक्की इंजिनिअरच व्हायचंय’ हे खरोखर माहीत असतं का, याचं उत्तर प्रत्येकाने आपल्या घरात शोधावं.

आता सीएसच्या आत काय आहे ते पाहू, कारण नावावरून अंदाज चुकतो. पेपर दोनमध्ये 8085 मायक्रोप्रोसेसर, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. 8085 ही इंटेलची 1976 सालची चिप, म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात. मला मात्र सीएसमधला हाच भाग सगळ्यात सकस वाटतो. लॅबमधल्या सरावाच्या किटच्या कीपॅडवर एकेक बाइट हाताने भरावी लागते, त्यामुळे मेमरी म्हणजे काय हे बोटांना कळतं. उदाहरणार्थ, उत्तर 2050 या पत्त्यावर साठवायचं तर भरायचा 32, म्हणजे साठवण्याचा कोड, मग 50, मग 20. पत्त्याचा खालचा भाग आधी, वरचा नंतर. मुलं सवयीने 32, 20, 50 भरतात. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, उत्तर 5020 ला लिहू पाहतो आणि 2050 ला जुनाच कचरा दिसत राहतो. मग 76, म्हणजे थांबण्याचा कोड, विसरला की प्रोसेसर पुढच्या रिकाम्या मेमरीत वाट्टेल ते चालवत सुटतो. मध्येच वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, पुन्हा पहिल्यापासून भरा. हे त्रासाचं आहे, पण त्यातून शिकलेलं जुनं होत नाही.

माझं मत जिथे फिरलं ती अडचण पेपर एकमध्ये आहे. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर्स, एचटीएमएल आणि सी प्लस प्लस येतं. विषय उत्तम, पण अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये सी प्लस प्लस अजून टर्बोवर चालतं. डॉस काळातला हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) आजच्या विंडोजवर डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घालून कसाबसा उठवतात. तिथे शिकलेला प्रोग्रॅम घरी चालत नाही, आणि का चालत नाही हे मुलाला सांगणारं कोणी नसतं. लॅबमध्ये पहिली ओळ ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ असते. 1998 च्या प्रमाणीकरणात ते ‘डॉट एच’ गेलं, म्हणून घरच्या कंपायलरची पहिलीच तक्रार अशी की ही फाइल सापडत नाही. ती ओळ सुधारली तर ‘सीआउट’ ओळखू येत नाही, कारण नव्या पद्धतीत एसटीडी नेमस्पेस सांगावी लागते. ते केलं की ‘व्हॉइड मेन’ चालत नाही, तिथे ‘इंट मेन’ हवं. शेवटी राहतो स्क्रीन पुसणारा ‘क्लीअरस्क्रीन’. तो मूळ भाषेत नाहीच, टर्बोसोबत आलेला आहे. दहा ओळींच्या प्रोग्रॅमला चार दुरुस्त्या.

त्याहून वाईट म्हणजे काही चुका एरर देतच नाहीत. जर्नलमधला नेहमीचा फॅक्टोरियलचा, म्हणजे 1 पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम घ्या. टर्बोत ‘इंट’ला दोनच बाइट मिळतात, म्हणजे 32767 च्या पुढे जागा नाही. 7 चा फॅक्टोरियल 5040, तो बरोबर येतो. 8 चा 40320 यायला हवा, तिथे येतो -25216. तोच प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर 40320 दाखवतो, कारण तिथे ‘इंट’ चार बाइटचा असतो. चांगला शिक्षक असेल तर हीच गोष्ट फळ्यावर घेऊन ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा जागेत न मावणं, शिकवेल, आणि तो तास सोन्याचा ठरेल. नाहीतर उत्तर ऋण आलं म्हणून मुलगा लूपमध्ये चूक शोधत बसतो, शेवटी जर्नलमध्ये 5 चा फॅक्टोरियल 120 लिहून सही घेतो. प्रोग्रॅमिंगची गोडी लागते ती घरी, रात्री, आपल्या मनाने काहीतरी करून पाहताना. कॉलेज आणि घर यांच्यामध्ये ही भिंत उभी राहिली की गोडी तिथेच थांबते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग पुन्हा पहिल्यापासून शिकवतातच. त्यामुळे दोन वर्षांची आघाडी वाटते तेवढी मोठी राहत नाही.

आयटी त्या मानाने उथळ आहे, हे मान्य करायला हवं. डेटा स्ट्रक्चर्ससारखं डोक्याला खाद्य त्यात नाही, आणि बरीच कॉलेजं तो ‘हलका’ विषय म्हणून हाताळतात. पण एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतात, लॅबमध्ये तशीच घरी. अडतं ते पीएचपीला. फाइल झॅम्पच्या (आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये नसेल, किंवा ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’चा पत्ता न टाकता फाइलवर नुसतं डबल क्लिक केलं, तर कोड चालत नाही. कधी कोडच जसाच्या तसा दिसतो, कधी पान कोरं. सर्व्हरकडून गेलं तरच पीएचपी चालतं, एवढं एकदा सांगितलं की प्रश्न मिटतो. कॉम्प्युटरची तोंडओळख म्हणून मला एवढं पुरेसं वाटलं, आणि बायोची जागाही शाबूत राहिली.

बायोचं ओझं मात्र कमी लेखू नका. पाठांतर, आकृत्या, जर्नल यांत आठवड्याचे किमान चार-पाच तास जातात, असा माझा अंदाज आहे. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण वेगळीच. पेशी, तंतुकणिका, हरितलवक, अर्धगुणसूत्री विभाजन हे सगळं त्याला नीट येत असतं, पण अकरावीत पहिल्याच आठवड्यात सेल, मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट, मायोसिस असा मारा सुरू होतो. येणारा विषय परका वाटू लागतो. सेमीच्या मुलांना हा त्रास नाही, आणि सीएसमध्ये तर सगळेच नव्या शब्दांशी एकाच रेषेवर असतात. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: जून-जुलैत दहावीच्या विज्ञानाचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून दोन स्तंभांची वही करायची. दीडशे-दोनशे शब्दांत काम भागतं.

त्या बदल्यात जे मिळतं ते दुसरीकडे नाही. पेशीविभाजन दाखवणारी कांद्याच्या मुळाची स्लाइड घ्या. तीन-चार दिवस पाण्यावर ठेवलेल्या कांद्याची मुळं सकाळी कापायची, एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलच्या ताज्या मिश्रणात 24 तास ठेवायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून ॲसिटोकार्मिनने रंगवायची. बहुतेकांची स्लाइड फसते ती एकाच ठिकाणी: मुळाचा तुकडा लांब घेतात. विभाजन चालू असतं ते टोकाच्या दोनेक मिलिमीटरमध्ये. वरचा भाग घेतला तर नुसत्या लांबट, शांत पेशी दिसतात. दुसरी चूक दाबताना होते. कव्हरस्लिप अंगठ्याने सरळ खाली दाबायची, जरा आडवी सरकली की पेशी एकमेकींवर गुंडाळतात. हे जमलं आणि मधल्या पट्ट्यात ओळीने उभी राहिलेली गुणसूत्रं डोळ्याने दिसली, की पुस्तकातली आकृती पाठ करावी लागत नाही.

एक गोष्ट मनाला लागते: बायफोकल घ्या की आयटी, दोन्हीकडे मराठीची जागा जाते. बायो आणि मराठी अशी जोडी पूर्णपणे शक्य आहे आणि ती घेणाऱ्याचं काहीही बिघडत नाही. घरी कॉम्प्युटर असेल आणि मुलाला स्वतःहून शिकायची सवय असेल, तर आयटीऐवजी मराठी ठेवा, असंच मी म्हणेन.

जेईईची तयारी पक्की ठरली असेल, मेडिकलचा विचारही नसेल, तर मात्र सीएसच्या बाजूने बोलावं लागतं. त्याचा लेखी अभ्यास बायोपेक्षा स्पष्टच कमी आहे आणि तो वेळ मॅथ्सला मिळतो. अशा मुलाने इलेक्ट्रॉनिक्स बायफोकलकडेही एकदा बघावं. ब्रेडबोर्डवर 7400 आयसी (लॉजिक गेट असलेली चिप) बसवताना 14 नंबरच्या पिनला पाच व्होल्ट, 7 ला ग्राउंड. आयसी उलटी बसली की बोटाला चटका बसतो. इनपुट मोकळा सोडला तर गेट तो ‘1’ धरतं आणि सत्यसारणी जुळत नाही. हे ज्ञान कुठल्याही कंपायलरवर अवलंबून नाही.

फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची विषययोजना आणि बायफोकलची जादा फी कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्या आणि लॅब बघायला मागा. मायक्रोस्कोप एका बॅचला किती, 8085 चे चालू किट किती, आयटीला पूर्णवेळ शिक्षक आहे का, हे विचारा. तीन मुलांत एक किट ठीक आहे, आठांत एक असेल तर पाच जण नुसती उभी राहतात. आणि सीएसच्या लॅबमध्ये कोणालातरी 8 चा फॅक्टोरियल काढून दाखवायला सांगा. 40320 आला, किंवा -25216 आला आणि शिक्षकांनी तो का आला हे तिथल्या तिथे समजावलं, तर त्या कॉलेजात सीएस घ्यायला माझी हरकत नाही.