व्यसनप्रतिबंधासाठी शाळेने काय निवडावे: व्याख्यान, तासिका की परिसर?

मुलांच्या व्यसनाबद्दल काहीतरी केले पाहिजे, यावर शाळा व्यवस्थापन समितीत एकमत व्हायला वेळ लागत नाही. गाडी अडते ती नेमके काय करायचे यापाशी. मुख्याध्यापकांसमोर साधारणपणे तीन पर्याय असतात: पाहुणे बोलावून व्याख्यान आणि शपथ, वर्षभराच्या जीवनकौशल्य तासिका, किंवा शाळा आणि तिचा परिसर तंबाखूमुक्त करणे. येथे मुख्यतः तंबाखूचा विचार केला आहे, कारण शाळकरी वयात आपल्याकडे सर्वांत आधी हाताशी येते ती गुटख्याची पुडी, मावा किंवा विदर्भातला खर्रा.

व्याख्यान स्वस्त असते, एका तासात उरकते आणि अहवालाला छायाचित्र मिळते. त्याची लोकप्रियता एवढ्यावरच टिकून आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या ‘डेअर’ या उपक्रमात गणवेशातले पोलीस अधिकारी वर्गावर येऊन शिकवीत. तो देशभर पसरला, पण १९९० च्या दशकापासून झालेल्या मूल्यमापनांत मुलांच्या पुढील व्यसनावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे वारंवार दिसले. ती तर अनेक आठवडे चालणारी पाठमाला होती. मग एका दुपारच्या भाषणाकडून काय अपेक्षा ठेवायची? शिवाय जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत येतो, त्यामुळे तो बहुतेक शाळांत कागदावरच साजरा होतो. कर्करोगग्रस्त जबड्यांची चित्रे दाखवून मुले क्षणभर हादरतात खरी, पण मित्राने पुढे केलेली पुडी नाकारायची कशी, हे त्यांना त्यातून कळत नाही.

तासिकांचा पर्याय नेमका हाच प्रश्न हाताळतो. २००४ ते २००६ या काळात दिल्ली आणि चेन्नईतील ३२ शाळांत ‘मैत्री’ प्रकल्प राबवला गेला. त्यात वर्गातील कृतींबरोबर भित्तिपत्रके, पालकांना पाठवलेली पोस्टकार्डे आणि विद्यार्थ्यांमधूनच निवडलेले गटप्रमुख होते. कोणत्या शाळेत कार्यक्रम राबवायचा हे यादृच्छिक निवडीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवले होते, म्हणून त्याचे निष्कर्ष वजनदार ठरतात: दोन वर्षांत कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, तर कार्यक्रमाच्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला. मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशनच्या जीवनकौशल्य कार्यक्रमाचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यादृच्छिक नव्हता. पण त्यातही कार्यक्रम झालेल्या शाळांतील मुलांमध्ये तंबाखूचा वापर इतर शाळांच्या तुलनेत सुमारे निम्मा आढळला. किंमत मात्र मोजावी लागते: तासिका वेळापत्रकात बसवाव्या लागतात आणि परीक्षा जवळ आल्या की पहिली कात्री त्यांनाच लागते.

परिसराच्या पर्यायात वर्गाचा वेळ जात नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी आहे. फलक लावणे, ही हद्द दाखवणारी पिवळी रेषा आखणे आणि पानटपरीबद्दल लेखी तक्रार करणे ही कामे एका महिन्यात होऊ शकतात. या कायद्याखालचा दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच असल्याने टपरीवाला तो सहज भरून मोकळा होतो. म्हणून अल्पवयीन मुलाला माल दिल्याचे दिसल्यास तक्रारीत बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ चा उल्लेख जरूर करावा, कारण त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या पर्यायाची मर्यादा उघड आहे: पुडी घरातल्याच माणसाच्या खिशात असेल, तर पिवळी रेषा तिथे पोहोचत नाही.

माझ्या मते परिसराचे काम लगेच हाती घ्यावे, तासिका पुढील शैक्षणिक वर्षापासून सुरू कराव्यात आणि व्याख्यानावर स्वतंत्र खर्च करू नये. तासिका नववीत नव्हे, पाचवी-सहावीतच सुरू व्हाव्यात. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१९ च्या भारतातील फेरीत धूरविरहित तंबाखू सुरू करण्याचे मध्यक वय ९.९ वर्षे आढळले होते. ‘मैत्री’च्या आरंभीच्या पाहणीतही तंबाखू कधीतरी वापरून पाहिलेली मुले आठवीत ९.३ टक्के, तर सहावीत २४.८ टक्के निघाली.

तासिका कोणी घ्यायच्या, हा प्रश्न अधिक अवघड आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत नेमका हाच मुद्दा तपासला. त्याचा विषय व्यसन नव्हता, तर शाळेतील वातावरण, नैराश्य आणि दादागिरी हा होता. पण प्रशिक्षित बिगरशिक्षक समुपदेशकाने राबवलेला कार्यक्रम प्रभावी ठरला आणि तोच शिक्षकांनी राबवल्यावर फरक पडला नाही, हे येथेही लक्षात घ्यावे. स्वतंत्र समुपदेशक परवडत नसेल, तर ‘मैत्री’प्रमाणे विद्यार्थी गटप्रमुखांकडे कृतींचे नेतृत्व देऊन शिक्षकाने मागे राहावे.

शिक्षक स्वतःच तंबाखू खात असतील, तर क्रम आणखी बदलतो. बिहारमध्येच ७२ शाळांत शिक्षकांसाठी तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो संपताना तंबाखू खाणाऱ्या शिक्षकांपैकी सुमारे निम्मे किमान महिनाभर तंबाखूपासून दूर होते. कार्यक्रम नसलेल्या शाळांत हे प्रमाण १५ टक्के होते. अशा शाळेने मुलांच्या तासिकांचे साहित्य मागवण्याआधी शिक्षकांसाठीच्या मदतीची सोय करावी.