शिशुवर्ग ते दहावी एकाच छताखाली: दीड वर्षाचा अनुभव

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या आणि राज्य मंडळाच्या शाळेत माझी दोन्ही मुले जून २०२४ पासून शिकत आहेत. प्रवेश घेतला तेव्हा धाकटी छोट्या शिशूत आणि थोरला सातवीत होता. आता ती मोठ्या शिशूत आणि तो आठवीत आहे. एकाच शाळेची दोन टोके रोज संध्याकाळी आमच्या घरात एकत्र येत असल्यामुळे, लहान वयात जे पेरले जाते त्याचे वरच्या वर्गांत काय होते, हे मला जवळून पाहता आले. पुढे काही तक्रारीही मांडणार आहे आणि मुले अजून तेथेच शिकत आहेत, म्हणून शाळेचे नाव देत नाही.

प्रवेशाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. शाळेने हे दोन्ही पाळले. थोरल्याला कुठे मदत लागेल हे पाहण्यासाठी त्याच्याकडून वाचून आणि लिहून घेतले, पण ते प्रवेश पक्का झाल्यानंतर.

धाकटीच्या वर्गात दिवाळीपर्यंत पेन्सिल दिसली नाही. ओळखीच्या घरांतील त्याच वयाची मुले अ ते ज्ञ गिरवू लागली होती, त्यामुळे सासूबाई काळजीत पडल्या, आणि खरे सांगायचे तर मीही पडले. एका सकाळी ताईंनी पालकांना वर्गात बसू दिले, तेव्हा त्यामागचा विचार समजला. मुलगी चिंचोके चिमटीत धरून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाकत होती. एक चिंचोका हातातून सुटला की ती थांबत होती आणि बोटांची पकड बदलून पुन्हा प्रयत्न करत होती. ‘हीच चिमूट उद्या पेन्सिल धरणार आहे,’ एवढेच ताई म्हणाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे. मात्र बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाडच्या मुलांसाठी परिसरातल्याच वस्तूंमधून शिक्षणाची साधने केली होती, त्याला कितीतरी दशके लोटली. आपल्याच राज्यात रुजलेली ही पद्धत आज मुंबईतल्या शाळेत जिवंत पाहून मला मनापासून समाधान वाटले. मोठ्या शिशूत मुलगी अक्षरे लिहू लागली ती हात न दुखता आणि रडारड न होता.

शाळेची खरी पारख मात्र थोरल्याच्या बाबतीत झाली. गणितात तो बीजगणितापाशी अडत होता आणि शिकवणी लावण्याचा विचार आमच्या मनात पक्का होत आला होता. गणिताच्या बाईंनी त्याची वही चाळली, तेव्हा खरा दोष अपूर्णांकांत सापडला. १/२ आणि १/३ यांची बेरीज तो २/५ अशी लिहीत होता आणि ही चूक बहुधा चौथी-पाचवीपासून तशीच चालत आली होती. बाईंनी त्याच इमारतीतल्या चौथीच्या बाईंकडून कागदाच्या पट्ट्या मागवल्या आणि त्याला एका पट्टीचे घड्या घालून सहा सारखे भाग करायला लावले. अर्ध्यात तीन भाग आले, एक तृतीयांशात दोन; पाच भाग रंगवल्यावर उत्तर त्याच्या समोर होते. पुढचे पाच शुक्रवार, ऑफ तासाला, तो चौथीच्या मुलांना हेच दाखवायला जात असे. ‘आई, छेद म्हणजे किती भाग केले ते, मग छेदांची बेरीज कशी होईल?’ हे त्याने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितले, तेव्हा शिकवणीचा विषय आमच्यापुरता संपला. शिशुवर्ग ते दहावी एकाच ठिकाणी असण्याचा माझ्या मते खरा फायदा हाच आहे: आठवीच्या बाई जिना उतरून चौथीच्या बाईंना भेटू शकतात. अर्थात, एका इमारतीत असूनही एकमेकांशी न बोलणारे विभाग असू शकतात, म्हणून शाळा पाहायला जाणाऱ्यांनी ही गोष्ट आवर्जून विचारावी.

मराठीच्या बाबतीत मी समाधानी नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. येथे ती शिकवली जाते, परंतु माध्यमिक वर्गांत प्रश्नांची तयार उत्तरे फळ्यावर लिहून दिली जातात आणि मुले ती पाठ करतात. घरी मराठी बोलणाऱ्या माझ्या मुलानेही निबंध स्वतःच्या शब्दांत लिहिला म्हणून गुण गमावले. खाली चिंचोक्यांना पुरेसा वेळ देणारी शाळा वर भाषेला तेवढा वेळ देत नाही, याचे मला फार वाईट वाटते. वर्गशिक्षिकेशी दोनदा बोलले. अद्याप बदल नाही.

सर्वांत मोठी तक्रार पैशांची आहे. सांगितलेल्या वार्षिक शुल्कात बस, गणवेश आणि सहल धरलेली नव्हती. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवरून आलेल्या मुलांना शुल्क नसते, पण पहिल्या वर्षी सातवीच्या निवासी शिबिराचे पैसे वेगळे घेतले गेले आणि थोरल्याच्या वर्गातील तीन मुले त्यामुळे घरी राहिली. वर्षभर एका बाकावर बसणाऱ्या मुलांमध्ये शाळेनेच अशी रेघ ओढणे मला सहन झाले नाही. शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडले जातात आणि त्या सोडतीत यंदा माझे नाव निघाले. समितीत हा विषय मांडल्यावर व्यवस्थापनाने ऐकून घेतले. यंदा शिबिर शाळेच्या आवारातच, कोणाकडूनही पैसे न घेता झाले आणि ती तिन्ही मुले आली.

वेळांविषयीही सांगायला हवे, कारण दोन मुलांच्या घरांना त्याचा त्रास होतो. शासनाच्या निर्णयामुळे पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरत नाहीत, तर माध्यमिक विभाग ७:१० ला सुरू होतो. धाकटीची झोप पूर्ण होते, हे चांगलेच आहे. आम्हाला मात्र रोज दोन फेऱ्या पडतात.

पुढच्या वर्षांच्या शुल्काचा प्रस्ताव नुकताच समितीपुढे आला आहे. शिबिर, सहल आणि बस यांचा खर्च प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगावा, अशी मागणी मी त्यावर नोंदवली आहे. जूनमध्ये धाकटी पहिलीत जाईल. तिच्या ताई आणि पहिलीच्या बाई तिची वर्षभराची चित्रे व नोंदी घेऊन गेल्याच आठवड्यात एकत्र बसल्या होत्या.