रोझाज फ्रेश पिझ्झा, फिलाडेल्फिया: पिझ्झा साधा, भिंत एक नंबर

लिबर्टी बेल बघून झाली, पोरीला भूक लागली म्हणून अकराव्या स्ट्रीटवरच्या रोझाजमध्ये शिरलो. बरीच वर्षं झाली याला, त्यामुळे आत्ताचे भाव, टायमिंग वगैरे जायच्या आधी बघून घ्या. पिझ्झा म्हणाल तर साधा चीजवाला, गरमागरम, पोट भरतं आणि खिसा दुखत नाही. पण बघायची ती भिंत! सगळीकडे रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवलेल्या, म्हणजे कोणीतरी येऊन पुढच्या भुकेल्या माणसाच्या स्लाइसचे पैसे आधीच देऊन गेलंय.

तर मालक मेसन वॉर्टमन, वॉल स्ट्रीटची नोकरी सोडून इथे १ डॉलरला स्लाइस विकायला लागला, आणि २०१४ मध्ये एका गिऱ्हाइकाने विचारलं की एखाद्या बेघर माणसासाठी एका स्लाइसचे पैसे आत्ताच देऊन ठेवू का, इटलीत नेपल्सला कॉफीचं करतात तसं, तर याने लगेच पोस्ट-इट आणून भिंतीवर लावला आणि वर्षभरात हजारो स्लाइस गेले असे. नंतर चिठ्ठ्या मोजून मोजून वैताग यायला लागला म्हणून हिशोब गल्ल्यावरच ठेवायला लागले.

आता खरं सांगतो, माझा हात आखडता. म्हणजे गणपतीची वर्गणी, गावचं देऊळ, आपलं मंडळ, तिथे देतो, पण ट्रेन स्टेशनवर एखाद्या काळ्या माणसाने कप पुढे केला की मी मोबाइलमध्ये डोकं घालणार. त्या दिवशी माझ्या पुढे एक गोरी कॉलेजची पोरगी स्वतःचा एक स्लाइस घेऊन दोनाचे जास्तीचे देऊन गेली, मागोमाग एक काळे आजोबा आले, त्यांना स्लाइस मिळाला, का, कशाला, कोणी काही विचारलं नाही. माझं पाकीट कधी बाहेर आलं कळलंच नाही, पाच स्लाइसचे दिले, बायको बघतच राहिली.

घरी येऊन वाचलं तर २००९ मध्ये फ्रीमन, अक्विनो आणि मॅकफेरन यांनी गोऱ्या लोकांवर हेच तपासलेलं. आपलाच गट वरचढ राहावा असं वाटणारे लोक काळ्यांसाठीच्या संस्थेला द्यायला नाखूश असतात, पण आधी कोणाचा तरी चांगुलपणा त्यांच्यासमोर आला तर त्यांचाही हात सैल होतो. मानसशास्त्रवाले याला एलिव्हेशन म्हणतात, आपल्याकडे मन भरून येतं म्हणतात ना, तेच साधारण.

माझ्याकडून पाचपैकी पाच, त्यातले दोन भिंतीचे. पोरीने चिठ्ठीवर मराठीत 'पोटभर जेवा' लिहून चिकटवलं, आता फिलाडेल्फियात ते कोणाला वाचता येणार देव जाणे.